रघुनाथरावांची तोंडी परीक्षा

आज रघुनाथराव बोलणार होते! एखाद-दुसरं वाक्य नव्हे, चांगली दहा मिनिटं, उभं राहून, चारचौघांसमोर! चार पानी भाषण तयार होतं. आठ दिवस ते आरशापुढं म्हणून झालं होतं आणि आरशानं एकदाही जांभई दिली नव्हती.

"बघच तू," बूट चढवता चढवता ते इंदिराबाईंना म्हणाले, "बारामतीतून जाईल तो रघुनाथ वेगळा आणि परत येईल तो वेगळा!"

"कुठला का होईना, परत आला म्हणजे झालं," इंदिराबाई म्हणाल्या. "लग्नात माझं नाव घ्यायला पाऊण तास लावलात. पंगत उठून गेली होती! आणि तो मोबाईल सायलेंटवर टाका. भाषणात वाजला तर दचकून खाली बसाल."

रघुनाथरावांनी मोबाईल मुकाट्यानं सायलेंटवर टाकला.

भाषण होतं एका माणसासाठी. लासुर्ण्याचा झुंबर, इंजिनिअरिंगच्या होस्टेलवरचा खोलीतला सोबती. बेचाळीस वर्षांपूर्वी पंपांच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकानं, म्हणजे एक्स्टर्नलनं, रघुनाथला पहिलाच प्रश्न विचारला होता, "नाव काय?" आणि रघुनाथला ते आठवेना! जीभ टाळ्याला चिकटलेली, एक्स्टर्नलचं पेन शून्य काढायला खाली येतंय, तेवढ्यात खाडकन लाईट गेली. परीक्षा दुपारवर ढकलली. दुपारी रघुनाथ पास झाला. पण मेन स्विचवर हात ठेवलेला झुंबर शिपायाला सापडला आणि त्याच विषयात सहा महिने मागं पडला. मित्रासाठी एवढं करणाऱ्या माणसाला रघुनाथनं साधं 'धन्यवाद'सुद्धा म्हटलं नव्हतं. लाज वाटली. मग निवृत्तीपर्यंत विदर्भात नोकरी झाली, आणि लाज वाटण्यातच बेचाळीस वर्षं गेली! मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते होते खरे, पण तिथं त्यांनी आजवर पाठवला होता तो फक्त अंगठा. फोटोच्या जागी तुळशीचं रोप होतं. आज झुंबरच्या मळ्यात या सगळ्या मित्रांसाठी मटणाचं जेवण होतं, आणि आज ते धन्यवाद द्यायचेच होते.

इंदापूरच्या एसटीत शेजारी एक गृहस्थ बसले होते. पांढरे केस, जाड चष्मा, मांडीवर काळी बॅग. रघुनाथरावांचेही पांढरे केस, जाड चष्मा, मांडीवर काळी बॅग! 'कुठं निघालात?' असं विचारावं का, हा विचार भवानीनगरपर्यंत चालला. विचारलं नाही. त्या दोन शब्दांत पुढचं सगळं टळलं असतं! पण दोन शब्द म्हणजे काही थोडे नव्हेत.

दोघंही लासुर्ण्याच्या फाट्यावर उतरले. ते गृहस्थ पान घ्यायला टपरीकडं वळले, आणि रघुनाथरावांपुढं एक गाडी येऊन थांबली.

"चला सर! सगळे वाट बघतायत!"

झुंबरनं एवढी चकचकीत गाडी पाठवली! रघुनाथराव भारावून बसले. गाडी थांबली ती मात्र मळ्यात नाही, एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या दारात. अच्छा! जुन्या दिवसांची आठवण म्हणून कार्यक्रम कॉलेजात ठेवलाय तर! झुंबर पहिल्यापासूनच कल्पक.

एक तरुण प्राध्यापक धावत आला. "नमस्कार सर, मी कुशल. प्रवास कसा झाला?"

"मी काय म्हणतो, झुंबर..."

"सर, बाकी सगळं नंतर! आधी पोहे!"

पोहे आले, काजू आले, चहा आला. आजवर ज्यांच्या ताटलीत कधी कुणी वाटीभर काजू ओतले नव्हते, ते रघुनाथराव त्या काजूंकडं बघत राहिले. नाही म्हणायला तोंड उघडावं, तर त्यात काजू होते! ते गिळून होईपर्यंत त्यांना पंपांच्या प्रयोगशाळेत, एका उंच खुर्चीत बसवलं गेलं होतं आणि समोर घामाघूम झालेला एक विद्यार्थी उभा होता.

"पहिला विद्यार्थी, सर," कुशल सर म्हणाले. "तुम्ही एक्स्टर्नल. विचारा."

एक्स्टर्नल! ती खुर्ची! ते पेन! 'अहो, मी तो नव्हे,' हे वाक्य ओठांपर्यंत आलं आणि बेचाळीस वर्षांपूर्वी नाव जिथं अडकलं होतं तिथंच अडकलं.

ते नुसतेच बघत राहिले. अर्धं मिनिट गेलं. विद्यार्थ्याच्या कपाळावरून घामाचा थेंब खाली पडला.

"सर, खरं सांगतो," तो एकदम म्हणाला, "जर्नल मी दुसऱ्याची बघून उतरवलीय!"

रघुनाथराव गप्प. बोलणार काय?

"शेवटचे दोन प्रयोग केलेच नाहीत, सर!"

तरीही गप्प.

"सर, सगळ्या वर्गाचं रीडिंग एकच आहे!" असं म्हणून तो जवळजवळ रडत बाहेर गेला. कुशल सरांचा चेहरा पोह्यांतल्या शेंगदाण्यासारखा पिवळा पडला.

बाहेर वाऱ्यासारखी बातमी गेली. "पोरांनो, एक्स्टर्नल भयंकर हाय! प्रश्नच विचारत न्हाय! नुसतं बघतंय, आन् आपुन आपोआप खरं बोलतोय!" त्यानंतर येणारा प्रत्येक जण दारातूनच कबुली देत आत शिरू लागला. एकानं तर अकरावीतली कॉपीही सांगून टाकली!

दहावी आली श्रिया. काटेवाडीची, बारीक चणीची, जर्नल छातीशी घट्ट धरलेली. ही काहीच कबूल करेना. म्हणजे आता विचारायलाच हवं! सुचला तो एकच प्रश्न.

"नाव काय, बाळ?"

श्रियानं तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. डोळे पाण्यानं भरले.

"ही वर्गात पहिली असते सर," कुशल सर हळूच म्हणाले, "पण तोंडीला असंच होतं. मागच्या वेळी यातच राहिली. यंदाही राहिली तर वर्ष जाईल." आणि त्यांनी तिच्या नावापुढं पेन टेकवलं.

रघुनाथरावांना ते पेन दिसलं. तेच पेन! खुर्चीमागं भिंतीवर मेन स्विचची पेटी होती. आयुष्यात ज्यांनी शेजाऱ्याच्या घराची बेलसुद्धा दोनदा वाजवली नव्हती, ते रघुनाथराव उठले, आणि त्यांनी खाडकन स्विच पाडला!

पंखे थांबले. कुशल सरांचा संगणक भरलेल्या गुणांसकट विझला.

"लाईट गेली वाटतं," रघुनाथराव म्हणाले. आवाज आपलाच आहे यावर त्यांचा विश्वास बसेना. कुशल सर वायरमनला आणायला धावले.

"बाळ," रघुनाथराव खाली तिच्या शेजारच्या बाकावर येऊन बसले, "परीक्षा राहू दे. तुमच्या विहिरीवर मोटर आहे?"

मान हलली.

"मोटर फिरतेय, पण पाणी येत नाही. काय करतेस?"

"आधी आबांना हाक मारते," श्रिया पुटपुटली.

"आबा गेलेत बाजाराला."

"मग मीच बघते. पाईपात हवा धरली असणार. वरनं पाणी भरून हवा काढायची. तरीबी न्हाय उचललं, तर पाईपाच्या बुडाचा फूट व्हॉल्व्ह गळतोय. त्यात हमखास काडी अडकलेली असते. आन् पाणी लई खाली गेलं असंल ना सर, तर पंप खडखडतो, खडे खाल्ल्यावानी! तवा त्याला तसाच चालू ठेवला तर पंपातल्या पंख्याचा पार चुरा होतो..." ती थांबेना! विहिरीतून निघून ती थेट पुस्तकात शिरली, सूत्रं सांगितली, हवेत बोटानं आलेख काढला. वायरमनला घेऊन परत आलेले कुशल सर दारातच खिळून उभे राहिले.

"आता नाव काय?" रघुनाथरावांनी विचारलं.

"श्रिया!" ती एवढ्या मोठ्यानं म्हणाली, की बाहेरची पोरं दोन पावलं मागं सरकली.

ही एवढीशी पोर बोलली. मग आपल्याला काय झालंय? रघुनाथराव ताठ उभे राहिले.

"सर, मी एक्स्टर्नल नाही."

"मग कोण आहात?"

"मी जेवायला आलो होतो."

कुशल सरांनी परीक्षेपुरता कपाटात बंद केलेला मोबाईल काढला. एकाच नंबरावरून एकोणीस मिस्ड कॉल! त्यांनी फोन लावला. पलीकडून कुणीतरी कळवळून ओरडलं, "अहो, मला इथून सोडवा! एका मळ्यात आणलंय, सगळे मला रघ्या म्हणतायत! मी तो नाही म्हटलं की टाळ्या वाजवतात!"

मागून झुंबरचा आवाज आला, "ऐकलं का? कॉलेजातबी असाच! कशालाबी 'मी न्हाय, मी न्हाय!' जरासुदीक बदलला न्हाय गडी! वाढ गं रंगूबाई, रस्सा वाढ त्याला!"

तासाभरात अदलाबदल झाली. खरे एक्स्टर्नल ढेकर देत खुर्चीत स्थानापन्न झाले. सकाळचे गुण अर्थातच रद्द. पण तोवर पोरांची अशी रंगीत तालीम झाली होती, की लपवायला कुणाकडं काही उरलंच नव्हतं!

इकडं मळ्यात झुंबरनं रघुनाथरावांना खालून वर न्याहाळलं. "तू रघ्या? नक्की? मघाचाबी असाच दिसत हुता!"

"मी रघुनाथ," ते खणखणीत म्हणाले. "आणि मला बोलायचंय!"

उभं राहून, कागदाकडं न बघता, ते बोलले. तोंडी परीक्षा, शून्य काढायला निघालेलं पेन, गेलेली लाईट, मित्रासाठी वाया घालवलेले सहा महिने. शेवटी ते झुंबरकडं वळले. "झुंबर, बेचाळीस वर्षं उशीर झाला. पण धन्यवाद!"

झुंबरच्या बायकोनं, रंगूबाईंनी, पदर डोळ्याला लावला. झुंबरनं मात्र टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली.

"मर्दा, तुला कुणी सांगितलं ते तुझ्यासाठी हुतं म्हून? तुझ्या मागं माझा नंबर हुता! आन् माझ्या जर्नलवर एकबी सही न्हवती! त्यासाठी पाडला म्या स्विच. तू आत अडकलायस, हेबी मला ठाव न्हवतं!"

मग रघुनाथराव हसायला लागले, ते डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. म्हणजे मित्रासाठी वगैरे, खरोखर दुसऱ्याकरता असा स्विच आजवर एकानंच पाडला होता! आणि तो झुंबर नव्हता!

"ते काही नाही," ते म्हणाले, "धन्यवाद मी परत घेणार नाही. आठ दिवस पाठ केलेत."

"ऱ्हाऊ दे मग माझ्याकडं," झुंबर म्हणाला. "जेव आता. मघाच्या रघ्यानं नळ्या सगळ्या संपवल्यात, पर रस्सा हाय."

संध्याकाळी बारामतीच्या एसटीत मोबाईल उजळला. कुशल सरांचा निरोप होता: 'श्रिया पास! पंचवीसपैकी तेवीस! ती म्हणतेय, सकाळच्या सरांना सांगा. सर, पुढच्या वर्षी परीक्षेच्या आदल्या दिवशी पुन्हा याल का?'

रघुनाथरावांचा ऊर भरून आला. मनात कितीतरी वाक्यं जमली, एकाहून एक सुंदर. यातलं नेमकं कुठलं लिहावं, याचा त्यांनी पार बारामती स्टँड येईपर्यंत विचार केला.

आणि अंगठा पाठवला.