मागे घेता येतं का?

“ट्राम चालवतोस? हं... मागे घेता येतं का तुला?”

एकतीस वर्षांपूर्वी उत्तरेकडच्या फ्रिसलंड प्रांतातल्या एका अंगणात डौवेकाकांनी हा प्रश्न टाकला होता. बास्टियान तेव्हा द हेगहून त्यांच्या मुलीला, आफकेला मागणी घालायला गेला होता. नवे बूट, हातात फुलं! आता ट्राम काही मागे जात नाही. शेवटच्या थांब्यावर रूळच गोल फिरतात आणि तिचं तोंड वळवून देतात. तो खरं तेच बोलला, “नाही.” डौवेकाकांनी मिशीवरून हात फिरवला, “असं होय,” म्हणाले आणि आत निघून गेले.

लग्न झालं, संसार झाला, केस पिकले. पण ते “असं होय” बुटात शिरलेल्या खड्यासारखं बास्टियानला टोचतच राहिलं.

गेल्या हिवाळ्यात डौवेकाका वारले. मागे राहिली त्यांची साईच्या रंगाची कॅरॅव्हॅन, म्हणजे मोटारीमागे जोडायचं चाकांवरचं घर, आणि तळ्याकाठच्या सुट्टीच्या तळावरची सात नंबरची जागा. आफकेचं सगळं लहानपण त्या जागेत उन्हाळे काढत गेलेलं. तिथल्या कुंपणाशी तिच्या आईने लावलेलं नासपतीचं झाड होतं. आई जाऊन नऊ वर्षं झाली, झाड मात्र दर वसंतात पांढरं होऊन वाट बघत उभं राहायचं.

पण तळाचा नियम कडक. हंगामाच्या पहिल्या शनिवारी, पाचच्या ठोक्याला कॅरॅव्हॅन आपल्या जागेत हवी. नसली, तर जागा यादीतल्या पुढच्याला!

“माणूस बोलवू का कुणी?” आफकेने विचारलं.

“माणूस?” बास्टियान छाती काढून म्हणाला, “बत्तीस वर्षं चाळीस मीटरची ट्राम भर बाजारातून नेली मी! हे सात मीटरचं डबडं माझ्यापुढे काय आहे?”

“मग मी घेऊ का?”

“तू कधी ट्राम चालवली आहेस?”

आफके गप्प बसली. तिला गप्प बसण्याची सवय होती, आणि त्याला त्या गप्प बसण्याचा अर्थ न लावण्याची.

शनिवारी दुपारी शेतकऱ्याच्या गोठ्यातून कॅरॅव्हॅन बाहेर निघाली. हिवाळाभर गाईंच्या शेजारी राहून तिला वासही गाईंचाच येत होता. बास्टियानने ती मोटारीला जोडली आणि घरून आणलेली बटाट्यांची दोन पोती तिच्या पार शेपटाला नेऊन ठेवली.

“बटाट्यांच्या मुलखात बटाटे घेऊन आलास होय रे!” शेतकरी म्हणाला.

“परक्या बटाट्यांचा भरवसा काय?” बास्टियान म्हणाला, आणि निघाला.

पहिला किलोमीटर झकास गेला. आफके शेजारी बसून काहीतरी गुणगुणत होती:

*उजव्याला जायचं, तर डाव्याला वळ,*
*घाई नको बाई, हळूहळू पळ;*
*शेपूट रुसलं, तर पुढं जरा ये,*
*समजूत घाल, मग मागं त्याला ने...*

“गाणी कसली म्हणतेस! माझं लक्ष उडतंय!”

आफकेने गाणं थांबवलं. आणि मंडळी, त्याच क्षणी शेपटाने नाच सुरू केला! मागच्या पोत्यांच्या भाराने कॅरॅव्हॅन आधी नुसती मान हलवू लागली, मग कंबर, मग लग्नात चढलेल्या मामासारखी या काठावरून त्या काठावर! एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला बांध, बांधावर मेंढ्या. मेंढ्यांनी चरणं थांबवलं!

अशा वेळी ट्रामवाला काय करतो? डाव्या पायाने घंटा वाजवतो. बत्तीस वर्षांत घंटा वाजली की समोरचं संकट बाजूला झालेलं! बास्टियानने डावा पाय दाणकन आपटला. तिथे घंटा नव्हती, क्लच होता. उजवा पाय तसाच दाबलेला. इंजिनाने अशी डरकाळी फोडली की कालव्यातली बदकं विमानासारखी उडाली!

“पाय काढ! दोन्ही पाय काढ!” आफके ओरडली. दोन्ही पाय निघाले. वेग उतरला, नाच थांबला. बास्टियानचा चेहरा मात्र कॅरॅव्हॅनच्या रंगाचा झाला होता.

“मी घेऊ का?”

“आता सरावलो!” तो म्हणाला.

पुढच्याच गावात एक उजवं वळण आलं. ट्राम वळते तेव्हा तिचं शेपूट बाहेर फेकलं जातं, हे बास्टियानच्या हाडामांसात मुरलेलं. त्याने बाहेरच्या बाजूला ऐसपैस जागा सोडली आणि आत चिकटून वळला. पण कॅरॅव्हॅन ट्रामची बहीण नव्हे. ती आतून कापत आली! चाक पदपथावर चढलं, कुणाच्या तरी बागेचा कोपरा कातरून निघालं आणि काहीतरी कडकन मोडलं.

उतरून पाहतो तर कॅरॅव्हॅनच्या पायरीत चिनी मातीचं बदक अडकलेलं. मान शाबूत, चेहऱ्यावर धक्का!

बागेची मालकीण खिडकीतून म्हणाली, “घेऊन जा ते! सासूने दिलं होतं. वीस वर्षं फुटायची वाट बघतेय!”

तळावर पोचले तेव्हा सव्वाचार वाजले होते. कॅरॅव्हॅन येताना दिसली मात्र, घराघरातून घडीच्या खुर्च्या बाहेर आल्या. नवखा माणूस कॅरॅव्हॅन मागे लावतोय हा त्या तळावर वर्षातला सगळ्यात मोठा खेळ. व्यवस्थापक वित्स्केबाईंनी सगळ्यांना कॉफी दिली, बिस्किटांचा डबा फिरवला, प्रत्येकाने एकेक घेतलं, आणि डब्याचं झाकण टप्पकन बंद झालं. दुसरं बिस्कीट त्या डब्यातून आजवर कुणी खाल्लेलं नाही.

“या जावईबुवा!” वित्स्केबाई म्हणाल्या. “तुमचे सासरे एका दमात लावायचे हो! सकाळी आम्ही डोळे चोळत बाहेर यावं, तर कॅरॅव्हॅन जागेवर आणि डौवेकाका खुर्चीत कॉफी घेत बसलेले!”

पहिल्या रांगेत गेर्लोफ बसला होता. यादीत पुढचा नंबर त्याचाच. अकरा वर्षं थांबलेला. फार सभ्य माणूस.

बास्टियानने मागचा गिअर टाकला. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं, कॅरॅव्हॅन उजवीकडे गेली. त्याला वाटलं, हिला ऐकू आलं नसेल! त्याने आणखी डावीकडे फिरवलं. ती आणखी उजवीकडे गेली आणि वित्स्केबाईंची कपड्यांची दोरी अंगावर घेऊन थांबली. मागच्या खिडकीवर एक भलामोठा गुलाबी परकर अंथरला गेला. आता मागचं काहीच दिसेना!

“उजवीकडे!” एक ओरडला.

“डावीकडे रे!” दुसरा.

“आधी परकर काढा माझा!” वित्स्केबाई.

“घाई नाही हं,” गेर्लोफ घड्याळाकडे बघून म्हणाला. “अजून एकोणीस मिनिटं आहेत.”

दुसऱ्या फेरीत मोटार आणि कॅरॅव्हॅन भांडलेल्या नवराबायकोसारख्या एकमेकींकडे पाठ फिरवून उभ्या राहिल्या. तिसऱ्या फेरीत मागचं चाक तळ्यात उतरलं आणि बटाटे गडगडत एका बाजूला गेले. “अगं आई गं!” सगळा तळ एका सुरात किंचाळला. बास्टियानने घंटेसाठी पाय आपटला, इंजिनाने डरकाळी फोडली, एका म्हाताऱ्याची कॉफी मांडीवर सांडली.

“नऊ मिनिटं,” गेर्लोफ म्हणाला. या वेळी त्याचा आवाज जरा गोड झाला होता.

चौथ्या फेरीत मागून खरवडल्यासारखा आवाज आला. काटकी मोडली. पांढऱ्या पाकळ्यांचा एक झोत उडून पुढच्या काचेवर आला.

नासपतीचं झाड!

बास्टियान दगड झाला. आपण आता एक बोट जरी मागे गेलो, तर आईचं झाड जाईल. आणि नाही गेलो, तर आफकेची जागा जाईल. त्याने हळूच आफकेकडे पाहिलं. एकतीस वर्षांत जे शब्द त्याच्या तोंडातून निघाले नव्हते, ते पाकळीसारखे गळून पडले.

“नाही जमत मला.”

“उतर,” आफके म्हणाली.

ती स्टिअरिंगवर बसली. आरसा नीट केला. मग काच खाली करून हलकेच गाऊ लागली: *उजव्याला जायचं, तर डाव्याला वळ...* कॅरॅव्हॅन आधी पुढे आली, झाडाला सोडून. *समजूत घाल, मग मागं त्याला ने...* आणि मंडळी, ते रुसलेलं, माजलेलं, बटाटे भरलेलं धूड, लोण्यात सुरी शिरावी तसं सात नंबरच्या जागेत शिरलं! झाड आणि खिडकी यांच्यात बरोबर एका तळहाताचं अंतर.

चर्चच्या घड्याळात पाचचा पहिला ठोका पडला.

कुणाचं बिस्कीट तोंडाशी थांबलेलं, कुणाचा कप हवेत. गेर्लोफने खुर्ची मिटली, आणि तिच्यात बोट चेमटलं तरी ओरडायचं विसरला. वित्स्केबाईंनी तर बिस्किटांचा डबा दुसऱ्यांदा उघडला!

बास्टियान पायरीवर, त्या बदकाशेजारी मटकन बसला. दोघांचे चेहरे अगदी सारखे दिसत होते.

“आफके... हे... कधी शिकलीस?”

“बारा वर्षांची असताना. आईने शिकवलं. गाणंही तिचंच.”

“तुझ्या आईने? मग डौवेकाका?”

आफकेने केसांत अडकलेली पाकळी काढली.

“पहाटे साडेपाचला यायचो आम्ही. तळ झोपलेला असायचा. आई लावायची. ती गेल्यावर मी, बाबांना भेटायला जाते असं तुला सांगून. बाबा तिकडे, तळ्याकडे तोंड करून उभे राहायचे. बघवायचं नाही त्यांना. लोक उठायच्या आत कॉफी घेऊन खुर्चीत. कुणाला सांगायचं नाही म्हणून आण घातली होती मला. ते होते तोवर पाळली.”

“म्हणजे त्यांना...”

“एकदाही जमलं नाही.”

बास्टियान ताडकन उभा राहिला. “आणि मला विचारत होते, मागे घेता येतं का म्हणून! भर अंगणात! एकतीस वर्षं तो टोमणा घेऊन फिरतोय मी!”

“टोमणा कसला, वेड्या!” आफके हसता हसता डोळे पुसत म्हणाली. “तुला येत असतं, तर गुपचूप तुझ्याकडून शिकायचं होतं त्यांना. तू ‘नाही’ म्हणालास, आणि त्या दिवशी बाबा जेवलेच नाहीत रे!”