सिर्काच्या गाडीचे टायर

"सिर्काच्या गाडीला हिवाळी टायर चढवावेत ते मीच!" दर ऑक्टोबरात रेयो किराणा दुकानात सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचा.

खोटं नव्हतं ते. सिर्काचा नवरा वारल्यापासून हे काम त्याच्याकडेच होतं. तासाभराचं काम तो दुपारभर पुरवायचा. एकेका टायरपुढे उकिडवा बसून बर्फावर पकड घेणारे रबरातले खिळे चाचपायचा, रबर नखानं दाबायचा आणि "अजून दोन हिवाळे काढील," असं एखाद्या मोठ्या डॉक्टरसारखं सांगायचा. मग स्वयंपाकघरात कॉफी, वेलदोड्याचे गरमागरम बन आणि समोर सिर्का! यंदा कॉफी पिता पिता मनातलं बोलूनच टाकायचं, असा त्याचा बेत होता. दोघंही साठीच्या पुढची. आणखी किती थांबायचं?

म्हणून त्यानं गुळगुळीत दाढी केली, नवा स्वेटर घातला आणि जॅक घेऊन तो तिच्या अंगणात गेला. बघतो तर काय! गाडीच्या चारही चाकांवर खिळे लखलखत होते.

"सिर्का! हे कधी झालं?"

तिनं खिडकीतून डोकं काढलं. "झालं बाई एकदाचं! दरवर्षी तुला तरी किती त्रास द्यायचा?" तेवढ्यात आत फोन वाजला आणि ती गेली.

त्रास! रेयोच्या अंगाचा तिळपापड झाला. हे त्या यार्मोचंच काम! हा यार्मो उन्हाळ्यात हेलसिंकीहून येऊन पलीकडच्या पिवळ्या घरात राहिला होता. चामड्याचे हातमोजे घालायचा. शिवाय सगळे दात स्वतःचे! परवाच सिर्का त्याच्या फाटकाशी उभी राहून खिदळत होती.

रेयोनं आपली गाडी थेट पिवळ्या घरासमोर नेऊन उभी केली.

"काय रे, टायर फार छान बदलतोस म्हणे!"

"मी?" यार्मोचा चेहरा उजळला. "अरे, तू बदलतोस ना! सिर्का म्हणालीच होती, रेयोला विचार. असं काम सगळ्या कैनू प्रांतात कुणी करत नाही म्हणे. बरा आलास! माझे टायर तळघरात आहेत."

"असं म्हणाली ती?" रेयो लोण्यासारखा विरघळला. पण लगेच सावध झाला. "मग तिचे कुणी बदलले?"

"तूच ना?"

"मी नाही!"

"मग कोण?" आता यार्मोचाही चेहरा पडला.

दोघं गावातली एकेक नावं आठवू लागले. पोस्टमन? त्याची तर कंबर वाकलेली. चर्चमधला बाजा वाजवणारा तो नवा माणूस? "तो तरुण आहे," यार्मो खोल आवाजात म्हणाला. रेयोनं त्या बाजावाल्याच्या रागात यार्मोची चारही चाकं बदलली. एकेक नट असा आवळला, जणू त्या बाजावाल्याचा गळाच! शेवटच्या नटाला पाठीत कट्कन आवाज झाला. आणि तेवढ्यात बर्फ पडू लागला.

वाकडा होत होत रेयो गाडीत बसला. सिर्काच्या घरासमोरच्या वळणावर त्यानं ब्रेक दाबला, पण गाडी ऐकेना! ती बर्फावर साबणाच्या वडीसारखी सटकली आणि डौलात चरात जाऊन बसली. स्वतःच्या गाडीचे टायर बदलायला त्याला मुहूर्तच मिळाला नव्हता.

सिर्का धावत आली. "रेयो! अरे, उन्हाळी टायर? तू?"

"ते राहू दे! आधी सांग, तो कोण?"

"कोण तो?"

"तुझे टायर बदलणारा!"

"अरे, मीच की! सप्टेंबरभर गाडीदुरुस्तीच्या वर्गाला जात होते."

"पण का? मी होतो ना!"

"तू होतास, पण बोलायचास फक्त टायरांवर!" सिर्का कमरेवर हात ठेवून म्हणाली. "इतकी वर्षं झाली! म्हटलं, टायर आधीच उरकून टाकले, तर कॉफी पिताना हा माणूस काहीतरी दुसरं बोलेल!"

रेयोनं तोंड उघडलं. शब्द अगदी ओठांवर आला.

"दोर आणलाय!" मागून यार्मो ओरडला. रेयोनंच बसवलेल्या खिळ्यांवर त्याची गाडी ऐटीत येऊन उभी राहिली होती.

दुसऱ्या दिवशी पाठीला गरम पाण्याची पिशवी लावून रेयो घरात कोचावर पडला होता. खिडकीतून त्याला अंगण दिसत होतं. तिथे त्याच्याच गाडीपाशी सिर्का यार्मोला टायर बदलायला शिकवत होती! "अरे, पाना असा धर!" ती हसत होती. तोही हसत होता. आणि टायर कुठल्या दिशेनं फिरायला हवा ते दाखवणारा त्यावरचा बाण चक्क उलट्या दिशेला होता! डावं चाक उजवीकडे!

रेयोनं जिवाच्या आकांतानं उठून खिडकी उघडली. "अगं, बाण..." इतक्यात पाठीत कळ आली आणि पुढचं सगळं "आई गं!" असं बाहेर पडलं.

दोघांनी वर बघितलं आणि आनंदानं हात हलवले.

रेयोनंही हलवला. दुसरं काय करणार!