पासष्ट फुग्यांची चाचणी

दुपारी चारला ट्रक येणार होता आणि रुएदी श्टाल्डर सकाळपासून एका पेटीला चिकटून होता. बर्नच्या प्रयोगशाळेतली ही त्याची शेवटची पेटी. आज तो निवृत्त होत होता. सूर्य उसळला की त्याच्यातून सतत वाहणाऱ्या कणांच्या वाऱ्यातलं मिश्रण बदलतं, हेलियम वाढतो, लोखंड वाढतं. ते प्रमाण ही पेटी अवकाशात मोजणार होती. पण तिला केसाएवढी फट राहिली, तर सगळं मुसळ केरात. आणि ट्रक चुकला, तर यान तिच्यावाचूनच उडणार होतं.

फट शोधायची रीत साधी. पंपाने पेटीतली हवा काढायची आणि बाहेरून सांध्यांवर सिलिंडरमधला हेलियम नळीने फवारायचा. तो आत शिरला, तर पंपाला जोडलेल्या मापकाचा काटा हलतो. सकाळभर काटा हलत होता. रुएदी हट्टाला पेटला आणि त्याने चाळीसच्या चाळीस स्क्रू पुन्हा आवळले. जेवून येऊन पाहिलं, तर काटा शून्यावर. त्याने अहवालावर सही ठोकली आणि तो स्वतःच्या निरोप समारंभाला गेला.

खोलीभर फुगे तरंगत होते.

"पासष्ट आहेत, तुमच्या वयाएवढे," त्याच्या हाताखालची मिर्याम कौतुकाने म्हणाली.

"भरलेस कशाने?"

"तुमच्याच सिलिंडरने. तुम्ही जेवायला गेला होतात ना, तेव्हा. संपलाच तो."

नळीची फुसफुस थांबल्याचं पंपांच्या घरघरीत रुएदीला कळलंच नव्हतं. जेवणानंतर तो पेटीवर नुसती रिकामी नळी फिरवत होता.

"नवा सिलिंडर?"

"सोमवारी येईल."

"मग उचल फुगे."

"अहो, केक कापायचाय."

"केक कुठे पळून जात नाही."

सगळे पाहुणे फुगे घेऊन प्रयोगशाळेत पेटीपुढे रांगेत उभे राहिले. रुएदी एकेका फुग्याचं तोंड सांध्याला लावून सोडत होता. पन्नासाव्या फुग्याला काटा उडाला. त्याने त्या सांध्याचा स्क्रू पाव फेरा आवळला. पुढच्या एकाही फुग्याला काटा हलला नाही. चारला दहा मिनिटं कमी होती.

जुना अहवाल फाडून रुएदीने नवा लिहिला. 'हेलियम कुठून घेतला' या रकान्यात त्याने लिहिलं : 'निरोप समारंभाचे फुगे, पासष्ट.'

संचालक निडेगर यांना त्यावर सही करायची होती. "हे असं लिहायलाच हवं का?"

"सूर्याच्या वाऱ्यात काय किती, ते ही पेटी जगाला सांगणार. तिच्याच कागदावर खोटं कसं लिहू?"

निडेगरांनी पेनाचं टोपण काढलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "तसं असेल तर चौसष्ट लिहा. एक माझ्या हातून निसटलाय. जिन्यात छताला आहे."