कुत्रे आमचे नाही

आमच्या शेजारच्या फाटकावर एक पाटी आहे. पहिली ओळ: 'सावधान! कुत्रे चावते.' खाली दुसरी, तेवढ्याच ठळक अक्षरांत: 'कुत्रे आमचे नाही.'

पाटी पुंडलिकराव खोरगड्यांनी स्वतः रंगवलेली आहे. अक्षर वळणदार, कारण माणूस आयुष्यभर पटवारी होता. बाहेरचे लोक तलाठी म्हणतात. आमच्या कळमेश्वरकडच्या खेड्यांत पटवारीच. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण गाव अजून त्यांना पटवारीजी म्हणतं आणि तेही त्याच ऐटीत चष्मा कपाळावर ढकलून माणसाकडे बघतात.

नोकरीभर त्यांनी लोकांच्या सातबाऱ्यांवर मालकांची नावं चढवली आणि उतरवली. एकाच बांधासाठी सख्खे भाऊ एकमेकांच्या उरावर बसलेले पाहिले. त्यातून त्यांनी एकच शहाणपण उचललं, की आपलं नाव कशालाच लावायचं नाही. घर मुलाच्या नावावर, आणि मुलगा पुण्याला. गॅस सुनेच्या नावावर. विजेचं बिल अजून त्यांच्या बायकोच्या, आमच्या काकूंच्या नावाने येतं आणि काकूंना जाऊन चार वर्षं झाली. "नाव लागलं का माणूस फसला," असं ते म्हणत. कशाचीही जबाबदारी अंगाशी येतेय असं दिसलं की त्यांचा ठरलेला प्रश्न तयार असे, "नोंद कुठं हाय?"

एकदा त्यांच्या अंगणातल्या कडुनिंबाची फांदी माझ्या छपराच्या टिनांवर पडली. तीन टिनं फाटली. मी सांगायला गेलो तर म्हणाले, "झाड माहं हाय, हे कोण्या कागदावर लिहून हाय?"

"तुमच्या आंगनात हाय ना काकाजी!"

"आंगनात तं ऊनही पडते. तेही माहंच का गा?"

मी टिनं माझी मीच बदलली.

तर ते कुत्रं. तांबड्या रंगाचं, एक कान दुमडलेला. काकू गेल्या त्या वर्षी कुठून तरी आलं आणि पटवारीजींच्या ओसरीवर राहिलं. पटवारीजी सकाळी पाच पोळ्या करत. तीन खात आणि दोन 'उरत'. उरल्या म्हणून टाकल्या, अन्न काय फेकून द्यायचं? रोज बरोबर दोनच उरत, कधी एक नाही की तीन नाही. थंडीत ओसरीच्या कोपऱ्यात पोतं अंथरलेलं दिसे. ते म्हणे वाळायला टाकलेलं असे.

त्या कुत्र्याला नाव मात्र नव्हतं. नाव ठेवलं म्हणजे नोंद झाली, आणि नोंद झाली म्हणजे मालक झाला. पटवारीजींच्या तोंडून त्याच्यासाठी एकच शब्द निघे, "हाड!" चार लोक असले की जरा मोठ्याने, म्हणजे साक्षीदार राहतील. बसस्टँडकडे निघाले की कुत्रं मागे. दर वळणावर हे थांबत, वळून "हाड!" म्हणत, आणि ते शेपटी हलवत आणखी जवळ येई. गावातली बाकीची कुत्री 'हाड' ऐकलं की पळत सुटत. हे एकटं धावत येई. चार वर्षं त्याला प्रेमाने दुसरं काही ऐकायलाच मिळालं नव्हतं, त्याचा काय दोष!

मी कळमेश्वरच्या एमआयडीसीत एका कंपनीत कामाला आहे. घरातून मोटरसायकल काढली की ते कुत्रं पोटरीचा नेम धरून धावे. दोन वर्षं मी दोन्ही पाय टाकीवर घेऊन गावाबाहेर पडलो. मग त्याने आमच्या कोंबड्या उचलल्या. मग बकरीचं आठ दिवसांचं पिल्लू मारलं. बायको ते मेलेलं पिल्लू पदरात घेऊन त्यांच्या फाटकाशी उभी राहिली, तेव्हा पटवारीजींनी तिला शांतपणे पाटीची दुसरी ओळ दाखवली.

हसण्यासारखं इथवरच आहे. श्रावणात ते माझ्या मायला चावलं.

माय सत्तरीची. डोक्यावर दळणाचा डबा घेऊन चक्कीवरून परत येत होती. पोटरीचा लचका निघाला, पीठ आणि रक्त एक झालं. सरकारी दवाखान्यात डॉक्टरबाईंनी विचारलं, कुत्रं पाळीव की मोकाट? कोणाचं आहे? दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवा. मी तिथून सरळ पटवारीजींकडे गेलो. ते ओसरीवर बसले होते आणि कुत्र्याची मान त्यांच्या पावलावर होती.

"काकाजी, तुमच्या कुत्र्यानं मायले चावलं."

त्यांनी हळूच पाय काढून घेतला. "कोण्या कुत्र्यानं?"

"हे समोर बसलं हाय, ह्यानं."

"हे? हे तं कुठंही बसते गा. नोंद कुठं हाय?"

त्या दिवशी मला त्या माणसाचा जेवढा राग आला तेवढा कुत्र्याचाही आला नाही. कुत्र्याला काही कळत नव्हतं. यांना सगळं कळत होतं.

आणि तरी मायच्या इंजेक्शनच्या प्रत्येक तारखेला पटवारीजी आमच्याच बसमध्ये असत. दोन सीटा मागे. "तहसीलात काम हाय," असं कोणी न विचारता सांगत. दवाखान्याबाहेर झाडाखाली उभे राहत आणि माय बाहेर आली की दुसरीकडे बघत. माय मला म्हणाली, "तोंडानं नाही म्हणते अन् मांगंमांगं येते. कुत्र्यासारखाच हाय बापा."

मी ग्रामसभेत अर्ज दिला. आमच्या सरपंचबाई कमी बोलतात. त्या म्हणाल्या, "पटवारीजी, भाषण नको. कुत्रं तुमचं हाय का नाही, येवढं सांगा. तुमचं असन तं बांधून ठेवा, सुई मारून आणा. नसन तं त्याचं काय करायचं ते गाव पाह्यते."

कुत्रं त्यांच्याबरोबर आलंच होतं. ग्रामपंचायतीच्या दाराबाहेर चपलांचा ढीग होता, त्यातून नेमक्या त्यांच्या चपला शोधून त्यांच्यावर हनुवटी टेकून पडलं होतं. सगळ्यांना दिसत होतं. कोणीतरी हसलंही.

पटवारीजींनी एकदा दाराकडे पाहिलं. मला वाटलं, आता म्हणतील माझं आहे. खरं सांगतो, तसं म्हणाले असते तर मी भांडण तिथेच सोडलं असतं. एक साखळी आणि एक सुई, मला दुसरं काय हवं होतं? पण त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला.

"माहं नाही," ते म्हणाले. "नोंद कुठं हाय?"

आवाज ओळखून बाहेर कुत्र्याची शेपटी फरशीवर आपटायला लागली.

मारायला कोणी तयार नव्हतं. दूर नेऊन सोडू, असं ठरलं. एमआयडीसीत सोडू, हे मी सुचवलं. कंपन्यांच्या कँटीनचं उष्टं असतं, जगेल. लोक म्हणाले, सुधाकर दिलाचा चांगला आहे. मलाही ते पटलं.

रविवारी सकाळी टेम्पो आणला. चार जण दोर आणि घोंगडी घेऊन तासभर धावले, पण कुत्रं काही हाती लागेना. एकाचा हात थोडक्यात वाचला. पटवारीजी फाटकाशी उभे राहून सगळं बघत होते. शेवटी आत गेले आणि दोन पोळ्या घेऊन आले.

"गावाचा नागरिक म्हणून मदत करून राहिलो," त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. मग ते स्वतः टेम्पोत चढले, आत खाली बसले आणि म्हणाले, "हाड." एवढ्या हळू मी त्यांना ते म्हणताना कधी ऐकलं नव्हतं. कुत्र्याने एका उडीत टेम्पोचा मागचा फाळका ओलांडला आणि त्यांना खेटून बसलं. त्यांनी पोळ्या त्याच्यापुढे ठेवल्या आणि बाजूने उतरले. लोकांनी टेम्पोला जाळी लावली. पटवारीजी माझ्याकडे वळले.

"पाह्य, माहं असतं तं मी असं केलं असतं काय?"

डांबरी रस्ता लागेपर्यंत मागून भुंकणं ऐकू येत होतं. एमआयडीसीच्या वळणावर चहाच्या टपरीपाशी जाळी काढली आणि आम्ही परत आलो.

सोमवारी पहिल्या पाळीला निघालो तर कुत्रं त्याच वळणावर बसलेलं. माझी मोटरसायकल त्याला दोन वर्षांची ओळखीची. ते उठून धावलं. मी सवयीने पाय वर घेतले. पण ते भुंकलं नाही. शेपटी हलवत कंपनीच्या गेटपर्यंत बाजूबाजूने पळत आलं. तीनला पाळी सुटली तेव्हा गेटबाहेर बसून होतं. घराच्या रस्त्याला लागलो तसं पुन्हा मागे. जीभ बाहेर काढून रेल्वे फाटकापर्यंत पळालं आणि मग मागे पडलं. आरशात मला ते दिसत होतं. मी थांबू शकलो असतो, पण मी गाडीचा वेग वाढवला. मायच्या पायाला अजून पट्टी होती, हे मी स्वतःला सांगत होतो.

असं पाच-सहा दिवस चाललं. त्याच दिवसांत एकदा पटवारीजींनी कुंपणावरून विचारलं, "काय गा सुधाकर, तिकडं कंपनीच्या बाजूनं जनावराईले पाणीबिणी भेटते का?"

"कोण्या जनावराईले?"

"असंच. जनरल विचारलं."

"नोंद पाहून सांगतो," मी म्हणालो. ते आत गेले. मला दिवसभर बरं वाटलं होतं, हेही लिहून टाकतो.

पुढच्या सोमवारी कुत्रं वळणावर नव्हतं. मंगळवारीही नव्हतं. मी कोणाला विचारलं नाही. पटवारीजींच्या ओसरीवर मात्र रोज दोन पोळ्या उरत होत्या आणि कावळे त्या नेत होते.

त्याच आठवड्यात शुक्रवारी तीनला पाळी सुटून निघालो तर वळणावर पटवारीजी. पांढरा पायजमा, डोक्यावर टोपी, हातात कापडी पिशवी. मी गाडी थांबवली.

"काकाजी, इकडं काहून?"

"तहसीलात काम होतं."

तहसील कार्यालय कळमेश्वरच्या दुसऱ्या टोकाला आहे. त्यांनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "कुठं सोडलं होतं तुमी?"

"इथंच. इथंच बसून राहायचं. मांगच्या हप्त्यापर्यंत होतं."

"तुले दिसत होतं?"

"रोज."

"मंग मले सांगतलं काहून नाही गा?"

त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. पिशवीतून फडक्यात बांधलेल्या पोळ्या काढल्या, रस्त्याच्या कडेला गेले आणि हाक मारायला तोंड उघडलं. तसेच थांबले. चार वर्षांत एक नाव ठेवलं असतं तर या वेळी कामाला आलं असतं.

"हाड!" त्यांनी हाक मारली. मग आणखी मोठ्याने मारली. "हाड बे! हाड!"

टपरीखाली तीन कुत्री झोपली होती. ती दचकून उठली आणि शेपट्या पायांत घालून पळाली. नालीतून आणखी एक निघालं आणि तेही पळालं. टपरीवाला म्हणाला, "बाबाजी, काही करून नाही राहिले ते. काहून हाकलता?" पटवारीजींना ते ऐकू गेलं नाही. पोळी हातात उंच धरून ते कंपन्यांच्या भिंतींकडे बघत ओरडत होते, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. त्यांनी ते पुसलंही नाही.

मी गाडी स्टँडवर लावली. ते या बाजूला ओरडत होते म्हणून मी रस्त्याच्या त्या बाजूला, कँटीनच्या मागे गेलो आणि मीही ओरडायला लागलो. "हाड! हाड!"

थोड्या वेळात त्या अख्ख्या रस्त्यावर एकही कुत्रं उरलं नाही. आम्ही दोघं तरी हाका मारतच होतो.