पिंपामागची जागा

चिरंजीवांनी फोनवर अट घातली होती, "उन्हाची एकदा जरी चक्कर आली, की आपलं घर सोडायचं आणि इकडे यायचं. वाद नको!" इकडे म्हणजे त्याच्या सहाव्या मजल्यावर, जिथे खुर्चीसुद्धा विचारून सरकवावी लागे.

काटेसाहेबांनी अट मान्य केली, पण घर सोडायची त्यांची मुळीच तयारी नव्हती. उभी हयात वजनमापे खात्यात गेल्यामुळे त्यांना हे नाव पडलं होतं; सरबत गार आहे म्हटलं, तरी ते "किती?" म्हणून विचारत. ऊन चढू लागलं तसा त्यांच्या डोक्यात एकच किडा वळवळू लागला. या घरात सगळ्यात गार जागा नेमकी कुठली? तापमापक एकाच खोलीत दर वेळी वेगळीच साक्ष देई. शेवटी त्यांचं लक्ष घरच्या बोक्याकडे गेलं. हा गृहस्थ टोपी घालत नाही, सरबत पीत नाही, तरी भर दुपारी टुणटुणीत. जातो कुठे?

जेवण होताच साहेब रांगत त्याच्या मागे निघाले. पलंगाखालून कपाटामागे, तिथून स्वयंपाकघरात आणि शेवटी ओट्याखाली, पाण्याच्या पिंपामागे. साहेबांनी डोकं घातलं, खांदे घातले. गालाला फरशी लागली मात्र, "अहाहा!" एवढंच तोंडून निघालं. पोट मात्र पिंप आणि भिंत यांच्या मापात अडकलं. पुढे जाववेना, मागे येववेना. बोका त्यांच्या पाठीवरून शांतपणे बाहेर पडला.

पाणी प्यायला आलेल्या काकूंना आपल्या नवऱ्याचे फक्त दोन पाय दिसले.

"अगं बाई! अहो, काय झालं?"

"काही नाही. बोक्याच्या मागे आलोय."

"कशाला?"

"त्याचा या बाबतीतला अनुभव दांडगा आहे."

उष्माघातात माणूस असंबद्ध बोलतो, असं सकाळीच रेडिओवर सांगितलं होतं. काकूंनी मुलाला फोन लावला आणि मग बादलीभर पाणी साहेबांवर ओतलं.

"अगं, पायजमा भिजला!"

"भिजू दे! मी कोण, ते सांगा बघू."

"माझ्यावर पाणी ओतणारी बाई!"

"गेलंच डोकं. निघालाय हो तो. बॅग भरायला सांगितलंय."

'बॅग' ऐकताच साहेबांनी असा हिसडा दिला की ओल्या फरशीवरून ते साबणाच्या वडीसारखे सुटून बाहेर आले. काकूंनी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. "अहो, तुम्ही तर माझ्यापेक्षा गार आहात!"

"तेच सांगतोय! तिथे हात लावून बघ."

काकूंनी हात लावला. मग इकडेतिकडे बघून गालही टेकवला. बराच वेळ त्या उठल्याच नाहीत.

तेवढ्यात बेल वाजली. दारात चिरंजीव. डोक्यावर टोपी नाही, पोटात जेवण नाही, घशात पाण्याचा थेंब नाही आणि स्कूटरवरून भर उन्हातून आलेले. "बाबा कुठायत? बॅग..." म्हणता म्हणता चौकट धरून ते खालीच बसले.

दोघांनी त्याला धरून पिंपाजवळ आडवं केलं. शर्ट सैल केला, पाय उशीवर ठेवले, मानेला ओला पंचा लावला. जरा हुशारी आल्यावर घोट घोट पाणी दिलं.

"मी बरा आहे," चिरंजीव म्हणाले. "तुमची बॅग?"

"आमची कशाला? चक्कर आली, की आपलं घर सोडायचं. वाद नको!" काटेसाहेब म्हणाले. "सूनबाईंना कळवतो, उन्हाळाभर तू इथेच."

"पण बाबा, ती अट तुमच्या..."

"बरळतोय," काकूंनी निदान केलं आणि पंचा पुन्हा भिजवला.

बोका परत आला. आपल्या जागी एवढा थोरला माणूस पाहून थबकला, तिघांवरून नजर फिरवली आणि ठाम पावलांनी माळ्याच्या जिन्याखाली निघाला.

काटेसाहेब हळूच गुडघ्यांवर आले.

"अहो, आता कुठे?"

"शू! याला आणखी एक जागा ठाऊक दिसतेय."