ट्रॅक्टरला पोळ्याचं आवतन

दूरदृष्टी म्हणजे काय, हे सबंध घाटंजीत माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं! साठ-एकसष्टची गोष्ट. वर्गात पोरं पाढे म्हणत आणि मी मास्तर असून खिडकीबाहेर बघत बसे. आमच्या काळ्या रानातून ट्रॅक्टर चाललाय, वर फेटा बांधून मी, मागे भुसभुशीत माती आणि मातीवर उतरणारे बगळे! काय गोड दिसे ते! पाढे कधी संपले, कळतही नसे.

तो ट्रॅक्टर दिग्रसला कापसाची सरकी काढायच्या एका बंद जिनाच्या आवारात गंजत पडला होता. मी तो भंगाराच्या भावात उचलला.

"दुरुस्ती म्हंजे किरकोळ काम, गुरुजी!" किसनसिंग मिस्त्री म्हणाला.

त्या किरकोळ कामात आधी माझी सायकल गेली, मग रेडिओ, मग मनगटावरचं घड्याळ. दर वेळी किसनसिंग इंजिनाला कान लावून म्हणे, "बस, आता थोडंसंच बाकी हाय!" शेवटच्या थोड्याशात चांद्या आणि मोऱ्या गेले.

ही बैलजोडी माझ्या बायकोच्या, पद्मजाच्या, माहेरची. शेजारच्या नागोरावांनी ती विकत नेली तेव्हा पद्मजा दारात उभी राहून रडली. मलाही गलबललं, पण डोळ्यांपुढून बगळे हलेनात.

"पोळ्याला तोरणाखालची आपली जागा रिकामी राहिली, तर मी माहेरी निघून जाईन!" ती म्हणाली.

"रिकामी काहून राहील? ट्रॅक्टर उभा करू! आता तोच आपला बैल!"

जीभ आवरायला हवी होती!

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकून त्यांना जेवायला बोलावतात. पद्मजानं पळसाच्या पानानं ट्रॅक्टरच्या चाकांना हळद-तूप लावलं, हात जोडले आणि म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या!" मी कौतुकानं बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर धडधडत निघाला. वर मी, फेट्यासकट! लोक बाजूला होत होते, ऊन सोन्यासारखं पडलं होतं. तोरण हाताच्या अंतरावर आलं आणि ट्रॅक्टर खोकला, थरथरला, गप्प झाला.

किसनसिंगनं रॉकेलच्या टाकीत हात घातला. "गुरुजी, यात तं पुरणपोळी हाय!"

"पद्मजा!"

"आवतन दिलं होतं ना? मग उपाशी ठेवू? ज्या तोंडानं रॉकेल पितो, त्याच तोंडानं भरवली. चांगली तूप लावून!"

हसण्याचा गडगडाट झाला. नागोराव मात्र चांद्या-मोऱ्याला घेऊन पुढे आले. "लावा दोर, गुरुजी. वढून देतो तोरणापावतर."

दोर लावला. पण पद्मजाचा आवाज ऐकून बैलांना घर आठवलं होतं! ते गर्रकन वळले आणि उताराच्या रस्त्यानं ट्रॅक्टर, फेटा आणि मला घेऊन सुटले ते थेट आमच्या गोठ्यात!

पद्मजा धावत आली आणि चांद्याच्या गळ्यात पडली. मागून नागोराव धापा टाकत आले.

"वयनी, हे आता माह्या दावनीले राहत नाहीत. ठेवा तुमच्याजवळच. गुरुजी, मले इंजिन द्या. विहिरीवर पानी वढाले लावतो."

अशी आमची जागा भरली. तोरणाखाली चांद्या, मोऱ्या आणि कासरा धरून खुद्द पद्मजा!

टाकी धुतल्यावर इंजिन नागोरावांच्या विहिरीवर झकास चालू झालं. मला उरली सीट आणि स्टिअरिंग. संध्याकाळी मी गोठ्यात त्या सीटवर बसतो, डोळे मिटतो. रान दिसतं. बगळेसुद्धा येतात.

पुढच्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशीही तसाच बसलो होतो. पद्मजानं चांद्याचे खांदे शेकले, मोऱ्याचे शेकले. मग माझ्या खांद्याला हळद-तूप लागलं!

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या!"

गेलो हो! पोळ्या तर इतक्या मऊ होत्या. इंजिनाला काहून पचल्या नाहीत, देव जाणे!