मेल्या बॅटऱ्यांचा तह, अर्थात सोनईची मोहीम

लग्नसमारंभधुरंधर, वरातकुलावतंस, राजमान्य राजश्री गोरक्षनाथशेठ, खावंद राजेश्वरी व्हिडिओ शूटिंग, मुक्काम शेवगाव, यांचे सेवेसी, कॅसेटींवर नवरानवरीची नावे रंगविणारा सेवक सहादेव पेंटर याचा दंडवत. शेठजींनी आज्ञा केली की, आमची सोनईची फत्ते कागदी उतरवावी, म्हणजे मागून येणारांस आमचा पराक्रम समजेल, आणि मजकूर कमी पडला तर पदरचा घालावा. त्यावरून लिहितो. पदरचे घालण्याची गरज पडली नाही. घडले तेच पुष्कळ आहे.

शके एकोणीसशे वीस, बहुधान्यनाम संवत्सरी, वैशाखमासी मुलखात लग्नांची धामधूम उठली. शेठांचे पदरी जपानी कॅमेरा एक, आणि त्यास लिथियम-आयन नामे बॅटरी एक, मुठीत मावेल एवढी, खास मुंबईहून आणिलेली. ती भरली की तासभर वायरीवाचून कॅमेरा चाले. वरात ही चालती वस्तू, आणि भिंतीतला प्लग काही वरातीमागे चालत येत नाही, म्हणून शेठांची अवघी दौलत त्या एका बॅटरीवर उभी होती. गल्लीच्या दुसऱ्या टोकास कानिफनाथशेठ, हे दुसरे संस्थान. त्यांचा कॅमेरा तोच, बॅटरी तीच, आणि उभयतांची बोलाचाल सात वर्षे बंद.

आता प्रज्ञेची हकीकत. मार्केट यार्डातले हमाल रखमाजी यांची ही कन्या, नगरच्या आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक्सचा दाखला घेऊन शेठांचे चाकरीस आली, त्यास दोन वर्षे जाहली. दुकानाचे कोपऱ्यात दुरुस्तीचे टेबल होते, त्यावर मीटर, सोल्डर, पकडी ऐशी सर्व आयुधे गंजत पडलेली, आणि ते टेबल आपणास मिळावे एवढाच तिचा अर्ज. शेठांनी तो दरमहा शांतपणे ऐकावा, आणि मग तिजला कॅसेटी मागे फिरविण्यास बसवावे. टेबलावर शेठांचा जेवणाचा डबा असे. प्रज्ञेचा चहाचा कप खिडकीत निराळा असे. हा कायदा कोठे लिहिलेला नव्हता, म्हणून त्यावर दाद मागण्याची सोयही नव्हती.

तो सोनईचे मोठे घराण्यातील लग्न आले, वद्य पंचमीचे, घोड्यावरची वरात, आणि शेठांनी मोहिमेचा विडा उचलला. आणि नेमकी त्याच आठवड्यात बॅटरी अर्ध्या तासात मान टाकू लागली. मग शेठांनी आपणाशीच मसलत केली. टॉर्चचे सेल मंदावले की आपल्याकडे उन्हात ठेवितात, आणि ते आणखी चार दिवस तग धरितात, हे शास्त्र पिढीजात. मातोश्री कडूबाई पत्र्यावर कुरडया वाळत घालीत होत्या. शेठांचे फर्मान सुटले की, बॅटरीही तेथेच ठेवावी. मग वैशाखाचे ऊन, आणि तापलेला पत्रा, आणि कुरडयांचे रांगेत जपानी बॅटरी, ऐसा तीन दिवस मुक्काम पडला. कुरडया उत्तम वाळल्या. बॅटरी मेली.

शेठांनी मातोश्रींस दोष दिला. त्या म्हणाल्या, "तूच म्हनला ठिव म्हनून. कुरडईला चालतं ते समद्याला चालतं व्हय रं?" मग शेठांनी जपान देशास दोष दिला, कारण तो समोर नव्हता.

नवी बॅटरी मुंबईहून येण्यास आठ दिवस, आणि वरात परवावर. तेव्हा प्रज्ञेने अर्ज केला की, मेलेली उघडून पाहू द्यावी. शेठांस दुसरा मार्ग नव्हता, म्हणून त्यांनी डबा उचलिला आणि प्रज्ञा दोन वर्षांत प्रथमच त्या टेबलाशी बसली. तिने ब्लेडने प्लॅस्टिकचा जोड चिरिला, तो आत दोन सेल जोडीने निजलेले. मीटर लाविला, तो पत्र्याचे अंगाचा ठार आणि वरचा शाबूत.

"शेठ, एकच मेलाय," प्रज्ञा म्हणाली. "दुसरा धडधाकट हाय. तसलाच आनखी एक मिळाला तर बॅटरी उभी ऱ्हाईल."

तसला सेल सबंध तालुक्यात एकाच ठिकाणी, तो म्हणजे कानिफनाथशेठांकडे. आणि कानिफनाथशेठ महिनाभर गुडघा दुखतो ऐसे सांगोन वराती नाकारीत होते. गुडघा उत्तम होता. त्यांनीही आपली बॅटरी पत्र्यावर उन्हात ठेविली होती. सात वर्षांत दोन्ही दौलतींचे एकमत जाहले ते या एकाच गोष्टीवर, आणि दोघेही बॅटरी गमावून बसले.

मग प्रज्ञा वकील होवोन गेली. कानिफनाथशेठ प्रथम नाकबूल गेले, मग खाटेखालून मेलेली बॅटरी काढून घेवोन जातीनिशी आले. त्यांचाही एक सेल जिवंत निघाला. प्रज्ञेने दोहोंवर टॉर्चचा बल्ब लावून पाहिला, आणि दोघांचा दम सारखा आहे ऐसे सांगितले. आता तहाचे बोलणे सुरू जाहले. कलम पहिले, कॅमेरा गोरक्षनाथशेठांचा, टेम्पो कानिफनाथशेठांचा. कलम दुसरे, मिठाई उभयतांनी खावी. कलम तिसऱ्यावर बखेडा माजला, की बॅटरीत प्लसकडे कोणाचा सेल बसावा. मायनसकडे बसणे हा आपल्या घराण्याचा अपमान, ऐसे उभय पक्षांचे म्हणणे. दीड तास गेला, आणि हातघाईवर येण्याचा रंग दिसला.

तेव्हा प्रज्ञा उठली आणि म्हणाली, "करंट दोगांतनं सारकाच जातो, शेठ. आत कुनी थोरला न्हाई, कुनी धाकला न्हाई. आन माझं बी एक कलम लिवा. हे टेबल माझं. लिवलं तर सोल्डर मारते, न्हाईतर कॅसेटी फिरवाया बसते."

मग गोरक्षनाथशेठांनी मोहटादेवीची आण घेऊन कलम मंजूर केले आणि कानिफनाथशेठ साक्षीदार जाहले. प्रज्ञेने सेलास आच न लावता पट्टीस पट्टी जोडिली, चार्जरवर ठेविली, आणि दिवा लागला. सेवकास त्या समयी भरून आले, हे कबूल करितो. शेठांनी हुकूम केला की, मेलेले दोन सेल चुलीत घालावे. प्रज्ञा म्हणाली, "जाळू नगा, फुटत्याल. आन उकिरड्यावर बी न्हाई. ह्यातला धातू लांबून खानीतनं येतोय. पुरला म्हनून काय उगवनार हाय का?" आणि तिने ते वाळूच्या डब्यात जपून ठेविले. उभय शेठ त्यावर हसले. त्यांचे एकमत जाहलेली ही दुसरी गोष्ट.

मग पंचमीस लष्कराने कूच केले आणि सोनईस डेरेदाखल जाहले. वरात निघाली, घोडा बुजला, बँडवाले घामाघूम जाहले, नवरदेवाचा फेटा दोनदा सुटला, आणि ते सर्व कॅमेऱ्यात आले. गोरक्षनाथशेठ कॅमेरा धरीत आणि कानिफनाथशेठ त्यांचा खांदा धरून गर्दीतून वाट काढीत. पन्नास मिनिटे बॅटरी लढली, आणि मांडवाचे दारी पोचल्यावरच थकली. मग दोघांनीही हारतुरे घेतले. प्रज्ञा मीटर घेऊन टेम्पोत बसून होती.

शेवगावी परतताच बखेडा उठला की, बॅटरी कोणाची. तहात हे कलम लिहावयाचे राहिले होते. शेवटी निवाडा जाहला की ज्याचा सेल त्याने न्यावा, आणि प्रज्ञेस हुकूम सुटला की, जोड सोडवून द्यावा. ती म्हणाली, "शेठ, एका सेलवर कॅमेरा चालायचा न्हाई." त्यावर उभयतांनी सांगितले की, आपले ते आपले. आणि टेबलाचे कलम तिने विचारिले, तो गोरक्षनाथशेठांनी जेवणाचा डबा पुन्हा टेबलावर ठेविला, आणि आज्ञा केली की, ते पुढील वर्षी पाहू. देवीच्या आणेची आठवण करून दिली, तो म्हणाले, देवी आपल्यातलीच आहे, समजून घेईल.

प्रज्ञेने जोड सोडविला. एकेक सेल एकेकाच्या हातावर ठेविला, वाळूचा डबा काखेस मारिला, चपला घातल्या आणि निघाली. मागे वळून पाहिले नाही.

तिसरे दिवशी तहसील कचेरीसमोर कडुलिंबाखाली प्रज्ञेच्या मातोश्री बनाबाईंनी घरचे टेबल डोक्यावर आणून मांडिले, रखमाजींनी ताडपत्री ताणिली, शेजारच्या टपरीतून वीज घेतली, आणि पाटी सेवकाने फुकट रंगविली. पाचव्या दिवशी घोडेगावची वरात ठरली होती. त्या सकाळी गोरक्षनाथशेठ मुठीत एक सेल घेऊन कडुलिंबाखाली आले. मागोमाग कानिफनाथशेठ आले, त्यांचे मुठीतही एक. पुढे बिघडलेले रेडिओ घेऊन चौघे उभे होते. प्रज्ञेने मान वर केली नाही. म्हणाली, "नंबरानं या."

शेठ नंबराने उभे राहिले, हे सेवकाने आपल्या डोळ्यांनी पाहिले.

येणेप्रमाणे सोनईची फत्ते दप्तरी नमूद केली. शेठांचे नाव यावे ऐसी आज्ञा होती, ते आरंभी किताबांसह आले आहे, तेवढे पुरे. वैशाख वद्य दशमी, मुक्काम शेवगाव, टेबल प्रज्ञाबाईंचे, फत्ते प्रज्ञाबाईंची.